किडनीचा आजार असलेल्या कुत्रीचे जेवण आणि घरी द्यावयाचे सलाईन : मदत हवी आहे

आमची राणी ही अकरा वर्षांची, नसबंदी झालेली गावठी कुत्री आहे. गेल्या दोन महिन्यांत तिचे पाणी पिणे जवळजवळ दुप्पट झाले, लघवीसाठी ती रात्री दोनदा उठवू लागली आणि वजन २१ किलोवरून १८ किलोवर आले. उन्हाळा आहे म्हणून पाणी पीत असेल, अशी आम्ही आमचीच समजूत घालून घेतली. उलट्या सुरू झाल्यावर तपासण्या केल्या, तेव्हा रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचे टाकाऊ द्रव्य) ३.६, फॉस्फरस ७.१ आणि लघवीचे विशिष्ट गुरुत्व (म्हणजे तिचा दाटपणा) १.०१२ निघाले, सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडे आकसलेली दिसली. तीन दिवस शिरेतून सलाईन दिल्यावर क्रिएटिनिन ३.२ वर आले आणि तिथेच थांबले. आजार जुना असून तिसऱ्या टप्प्यात आहे, असे डॉक्टरांनी सांगितले.

खरी अडचण जेवणाची आहे. किडनीसाठीचे तयार खाद्य ती हुंगते आणि तोंड फिरवून निघून जाते. एका डॉक्टरांनी मांसाहार पूर्ण बंद करण्यास सांगितले, तर दुसऱ्यांनी जे खाईल ते द्या म्हटले. सासूबाई अंगात ताकद यावी म्हणून मटणाची नळी आणि दूध-भाकरी देतात, आणि ती मात्र राणी आवडीने खाते. शिवाय एक दिवसाआड १५० मिली रिंगर लॅक्टेट कातडीखाली घरीच द्यायचे आहे, त्याची मला धास्ती वाटते. सांधेदुखीसाठी पूर्वी दिलेल्या मेलॉक्सिकॅमच्या गोळ्या शिल्लक आहेत; ती लंगडत असल्याने त्या द्याव्यात का, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : मेलॉक्सिकॅम देऊ नका. या गटातील औषधांमुळे मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटू शकतो. दुखण्यावर दुसरे औषध डॉक्टरांकडूनच घ्यावे.

आमच्या लॅब्राडोरला हाच आजार होता, म्हणून जेवणाविषयी थोडे सविस्तर लिहितो. प्रथिने पूर्ण बंद केली तर प्राणी स्वतःचेच स्नायू झिजवतो. तेव्हा प्रथिने बेताची पण चांगल्या प्रतीची हवीत, आणि खरा कटाक्ष फॉस्फरसवर हवा. तिसऱ्या टप्प्यात तो ५.० च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट असते आणि राणीचा ७.१ आहे, त्यामुळे सासूबाईंची नळी सर्वप्रथम थांबवा, कारण हाडांत फॉस्फरस ठासून भरलेला असतो. रश्शातले कांदा-लसूण तर निरोगी कुत्र्यालाही घातक. दुधातही फॉस्फरस बराच असतो आणि ज्वारी-बाजरीच्या भाकरीपेक्षा पांढऱ्या भातात तो कमी असतो. आम्ही भात, उकडलेल्या अंड्याचा फक्त पांढरा भाग आणि भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून दिलेले बिनहाडाचे चिकन थोडेसे, असे देत होतो. अर्थात हे कायमचे संतुलित जेवण नव्हे. प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

तयार खाद्य मळमळ असताना पुढे करू नका. त्या वासाशी मळमळीची सांगड एकदा बसली की कुत्रे ते खाद्य पुन्हा तोंडात घेत नाही. आमचे नेमके असेच झाले आणि जवळपास पूर्ण पोते वाया गेले. आधी मॅरोपिटंट किंवा ऑनडॅन्सेट्रॉनने उलट्या आटोक्यात आणून, मग कोमट करून, रोजच्या जेवणात चमचाभर मिसळत दोन-तीन आठवड्यांत प्रमाण वाढवावे. फॉस्फरस तरीही उतरला नाही, तर डॉक्टर सेवेलॅमरसारखे औषध देतात. ते अन्नातला फॉस्फरस बांधून ठेवते, म्हणून जेवणाबरोबरच द्यावे लागते. उपाशीपोटी दिल्यास उपयोग नाही. घरातले ॲसिडिटीचे पातळ औषध त्याऐवजी वापरू नका, कारण त्यात बहुधा मॅग्नेशियमही असते.

सलाईनची धास्ती दोन-तीन वेळांत जाते. बाटली कोमट पाण्यात ठेवून अंगाच्या तापमानाला आणा, खांद्यांच्या मधली सैल कातडी तंबूसारखी उचला आणि दर वेळी नवी सुई वापरा. तिथे फुगवटा येतो, तो कधी पुढच्या पायात उतरतो. काही तासांत जिरतो. आदल्या वेळचा फुगवटा जिरला नसेल किंवा धाप लागत असेल, तर पुढचा डोस न देता डॉक्टरांना कळवा. डेक्स्ट्रोजची (साखर असलेल्या सलाईनची) बाटली चुकूनही लावू नये.

प्रतिसाद

लघवीतील प्रथिने आणि क्रिएटिनिनचे गुणोत्तर तसेच रक्तदाब पाहिला आहे का? गुणोत्तर ०.५ च्या वर किंवा वरचा रक्तदाब सातत्याने १६० च्या वर असेल, तर त्यासाठी वेगळी औषधे लागतात. पूर्वी गोचीडताप झाला असल्यास तेही डॉक्टरांना सांगा, कारण त्यातून मूत्रपिंडाच्या गाळण्यांना इजा होऊ शकते.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. दोन वर्षांपूर्वी गोचीडताप झाला होता, पण हे सांगण्यासारखे आहे असे आम्हाला वाटलेच नव्हते. त्या दोन्ही तपासण्या राहिल्या आहेत. सोमवारी करून आकडे इथे देते. सासूबाईंना अहवालातला फॉस्फरसचा आकडा दाखवला, तेव्हा नळी थांबली. दुधाबाबत मात्र अजून वाटाघाटी चालू आहेत. काल यजमानांनी राणीला धरले आणि मी पहिल्यांदा सुई टोचली. १५० पैकी ११० मिली गेले आणि ती उठून निघून गेली. राहिलेले ४० मिली आज द्यावेत की थेट उद्याच्या पाळीला पूर्ण डोस द्यावा?

प्रतिसाद

एवढ्याने बिघडत नाही. राहिलेले सोडून द्या, उद्या ठरल्याप्रमाणे १५० मिली द्या आणि डॉक्टरांना फोनवर कळवून ठेवा.