१६ ऑक्टोबरला पाड्यावर कोणी उपाशी नसतं

तापीकाठ (शहादा)
धडगाव तालुक्यातल्या एका शाळेत मी नऊ वर्षं शिकवलं. दरवर्षी १६ ऑक्टोबरला जागतिक अन्न दिनाची प्रभातफेरी काढायचो. पोरांच्या हातात फलक, मग भाषणं, मग फोटो. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना १६ ऑक्टोबर १९४५ला कॅनडातल्या क्युबेक शहरात स्थापन झाली. १९७९ला तिच्याच परिषदेत ठराव झाला आणि १९८१पासून हा दिवस जगभर पाळतात. म्हणजे तारीख संघटनेच्या जन्माची आहे, भुकेची नाही.

ऑक्टोबरात सातपुड्यात मका घरात आलेला असतो, उडीद झोडून झालेला, ज्वारी दाण्यात आलेली. आमची फेरी ज्या घरांवरून जायची, त्यांच्या ओट्यावर कणसं वाळत पडलेली असायची. एका वर्षी सहावीतली एक पोरगी म्हणाली, "गुरुजी, भूक तर आखाडात असते. फेरी आता का काढतात?" मी तिला ओळीत उभं राहायला सांगितलं. ते अजून टोचतं.

आखाड-श्रावणात कणगी रिकामी असते. आई पहाटे निंदणीला जाते ती अंधार पडता परत येते, तान्हं मोठ्या बहिणीच्या कडेवर. नाले भरले की वाट बंद. त्यातच ताप आणि हगवण. पोरांची वजनं उतरतात ती तेव्हा. त्या दिवसांत घरोघर तरोट्याची भाजी शिजते, आणि फेरी कोणीही काढत नाही. पाळायचा असेल तर हा दिवस आखाडात पाळा, नाहीतर बंद करा.

कळण्याची भाकर (धुळे)
भाऊ, कळकळ समजली, पण पटलं नाही. दिवस जगाचा आहे. २०२४ साली जगात सुमारे ६७ कोटी लोक उपाशी होते, हा संयुक्त राष्ट्रांच्याच अहवालातला आकडा. सुदानमधल्या झमझम छावणीत ऑगस्ट २०२४मध्ये दुष्काळ जाहीर झाला, गाझात ऑगस्ट २०२५मध्ये. दोन्हीकडे पाऊस हे कारण नव्हतं, लढाई होती. त्यांचा आखाड कुठला धरायचा? सगळ्या जगाने एकाच दिवशी बोलायचं तर कुठली तरी एक तारीख लागणारच.

आणि आपल्यालाही बाहेरच्यांनी हात दिलाय. ७२च्या दुष्काळात माझी आजी सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची, लाल भाकर आणि दुष्काळात वाटलेली सुकडी खाऊन माझे वडील वाढले. ती मिलो समुद्रापलीकडून आली होती. लांबच्या माणसाला आपल्या भुकेची खबर लागली नसती तर?

तापीकाठ
मिलो आली हे खरं. पण तुमच्या आजीला खडीचं काम मिळालं ते लोकांनी मोर्चे काढून मागितलं म्हणून. त्यातूनच पुढे १९७७चा रोजगार हमी कायदा झाला. आपण पोरांना फलक धरायला शिकवतो, मागायला शिकवत नाही.

केळीचा बाग (रावेर)
मला तर या चर्चेचंच नवल वाटतं. आता रेशन फुकट आहे, भूक राहिली कुठे? भाव पडला की आम्ही घडच्या घड बांधावर टाकतो, गुरंसुद्धा कंटाळतात खाऊन. प्रश्न शेतकऱ्याच्या भावाचा आहे. त्याचा एखादा दिवस पाळा.

अंगणवाडीताई (अक्कलकुवा)
दादा, तुमच्या बांधावरची केळी आमच्या पाड्यापर्यंत चढत नाहीत. रेशन २०२३पासून फुकट आहे आणि त्याने खूप फरक पडला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण माणशी महिन्याला ५ किलो, अंत्योदय कार्ड असेल तर घराला ३५ किलो, आणि ते बहुतेक गहू-तांदूळ. डाळ नाही, तेल नाही. वर्षाच्या बाळाला नुसता भात दिला तर त्याचं पोट फुगतं, दंड भरत नाही. आम्ही दंडाला पट्टी लावतो. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेलं की तीव्र कुपोषित. त्या पोराच्या घरात तांदूळ असतोच. भूक संपली असं म्हणू नका.

आता गुरुजी, तुमच्याशी माझं भांडण आहे. तुम्ही ऑक्टोबर उडवून लावता, आणि माझ्यासाठी वर्षातला तोच महिना महत्त्वाचा. दिवाळी झाली की अर्धा पाडा ऊसतोडीला गुजरातेत जातो, पोरं घेऊन. गरोदर बाईला अमृत आहार योजनेत रोज एक वेळचं गरम जेवण मिळतं, तेही सुटतं. पोरांची अंडी सुटतात. होळीला परत येतात तेव्हा काहींना मी ओळखत नाही, इतकी वाळलेली असतात. गेल्या वर्षी १६ तारखेच्या कार्यक्रमाला तालुक्याची माणसं येणार म्हणून वजनकाटा दुरुस्त होऊन आला. सहा महिने मागत होते मी. त्या दिवशी सगळ्या पोरांची वजनं घेतली, कोण कुठे जाणार ते लिहून घेतलं, आयांना सांगितलं की एक देश एक रेशनकार्डावर तिकडेही धान्य मिळतं. तुमचा दिवस बंद केला तर माझा काटा कधी येईल?

कळण्याची भाकर
ताईनी खरं सांगं. काटा येस ना, मग तारीख कोनतीबी राहू द्या.

तापीकाठ
ताई, काट्याचं मला माहीत नव्हतं. पण पाहुणे येणार म्हणून काटा यावा, हेच मला सहन होत नाही. तो आखाडात यायला हवा होता.

सालदाराचा पोऱ्या (चोपडा)
तुम्ही दोघं एकाच गोष्टीची दोन टोकं धरून ओढताय. माझे वडील सालदार होते, काका अजून कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जातात. मुकादमाची उचल, म्हणजे तोडीचे आगाऊ पैसे, कधी घेतात माहीत आहे? पावसाळ्यात, घरातलं धान्य संपल्यावर. बी-भरण, दुकानाची उधारी, पोराचं दुखणं, सगळं त्या उचलीतून भागतं. मग दिवाळीनंतर ती फेडायला गाव सोडावं लागतं, आणि फिटली नाही तर पुढच्या वर्षीही. आखाडातल्या भुकेची किंमत कार्तिकात मोजतात. आमच्या घरात एका वर्षी सहा पोती ज्वारी उरली होती, त्या वर्षी काका गेलेच नाहीत.

म्हणून मला वाटतं, कणसं ओट्यावर असतात त्याच दिवशी काहीतरी करा. काही गावांत धान्य बँक चालते. सुगीला प्रत्येक घर थोडं धान्य टाकतं, आखाडात लागेल तसं उचलतं आणि पुढच्या सुगीला थोडं वाढवून परत करतं. १६ ऑक्टोबरला फेरीऐवजी ते माप घाला.

केळीचा बाग
पण ज्वारी आता पेरतो कोण? आमच्या भागात कापूस आणि केळी. २०२३ला भरडधान्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, भारतानेच सुचवलेलं. आमच्या गावात ज्वारी एक बिघाही वाढली नाही. हे दिवस आणि वर्षं येतात, जातात.

अंगणवाडीताई
डोंगरात अजून पेरतात, दादा. ज्वारी, भगर, मोर नावाचं बारीक धान्य, सगळं. थोडं का होईना. धान्य बँकेचं मनावर घ्यायला हरकत नाही, पण माप कोण ठेवणार? घरातल्या पुरुषांच्या हातात दिलं तर मी तयार नाही. बायकांच्या गटाकडे ठेवा.

तापीकाठ
बायकांकडेच ठेवू. तारखेचं माझं मत बदललेलं नाही, आखाडात वजनं व्हायलाच हवीत आणि त्यासाठी मी लेखी मागणी करणार आहे. पण यंदा १६ला मी वर येतो, ताई. फलक आणणार नाही. घरामागे किती धरायचं, एक पायली की दोन?

अंगणवाडीताई
पहिल्या वर्षी एकच. आणि १६ला सकाळी लवकर या, दहानंतर बाया कामाला जातात.