फेअर आयल (रंगीत नक्षीचं) कार्डिगन विणून झालं, पण कात्री लावायचं धाडस होईना

सुलट_उलट
मंडळी, हात थरथरतायत म्हणून विचारते. मी स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनला असते, मागच्या वर्षी रात्रभराच्या बोटीने शेटलंड बेटांवर लर्विकला वूल वीकला, म्हणजे लोकरीच्या महोत्सवाला गेले तेव्हा तिथल्या जेमिसन अँड स्मिथची २ प्लाय (दोन पदरी) लोकर आणली, २५ ग्रॅमचे गुंडे, सात रंग. कार्डिगन गोल सुईवर अख्खं नळीसारखं विणलंय कारण दोन रंग हातात घेऊन उलट ओळ विणायची म्हणजे डोक्याला ताप. पुढे मधोमध ७ टाके जास्तीचे घातलेत, तोच स्टीक, आता त्याच्या मध्यावर कात्री चालवायची. पाच महिने विणलंय हो! आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणते, विणलेल्यावर कात्री? एक टाका सुटला की सगळं उसवत जातं, माहितीये ना? शिवणयंत्र नाहीये माझ्याकडे. त्यात मागचे धागे, म्हणजे न वापरलेल्या रंगाचे मागून नेलेले, जरा ओढले गेलेत, छातीवर नक्षीला चुण्या दिसतायत. काय करू?

लोकरीचा_किडा
अगं आईचं अर्धं बरोबर आहे. टाका सुटला की उसवतं ते वरून खाली, एकाच उभ्या रांगेत. तू उभंच कापणार, म्हणजे प्रत्येक ओळीचं टोक आडवं सुटायला बघणार आणि त्यासाठी त्याला एकेका टाक्यातून बाहेर यावं लागतं. शेटलंडची लोकर खरखरीत, तिच्या तंतूंना खवले असतात, ते एकमेकांत अडकून बसतात. तिकडच्या बायका कित्येकदा काहीही न शिवता सरळ कापतात.
पण आधी धुवून घे. कोमट पाण्यात अर्धा तास भिजव, टॉवेलात गुंडाळून दाब, पिळू नकोस, आणि आकारात ताणून वाळव. तिकडे त्यासाठी लाकडी चौकट असते, जम्पर बोर्ड, त्यावर ओला स्वेटर चढवतात. चुण्या बऱ्याच जातील. नाही गेल्या तर धागे खरंच आखूड पडलेत, मग इलाज नाही. पुढच्या वेळी रंग बदलायच्या आधी उजव्या सुईवरचे टाके पसरवून घेत जा.

क्रोशेवाली_पुणे
वरचं सगळं खऱ्या लोकरीला लागू हं! मी अ‍ॅक्रिलिकचं जॅकेट असंच कापलं, व्हिडिओ बघून, कडा न बांधता. धागा गुळगुळीत, गुंड्यांच्या पट्टीसाठी कडेचे टाके उचलतेय तोवर कडेचे दोन टाके सुटून लोंबायला लागले. शेवटी टेलरकाकांनी मशीनवर दोन उभ्या शिलाया मारून वाचवलं, पण कड लाटेसारखी झाली, घरात त्याला अजून पडदा म्हणतात. सुपरवॉश (मशीनमध्ये धुता येणाऱ्या) लोकरीतही जपूनच, तिचे खवले प्रक्रिया करून गुळगुळीत केलेले असतात.
तुम्ही क्रोशेने बांधून घ्या. सातातला चौथा टाका म्हणजे मधला. त्याची उजवी बाजू आणि शेजारच्या टाक्याची त्याला लागून असलेली बाजू, दोन्ही एकत्र घेऊन खालून वर साखळी घालत जायचं, मग डाव्या बाजूनेही तसंच. दोन साखळ्या जरा फाकवल्या की मध्ये आडव्या धाग्यांची शिडी दिसते, तेवढीच कापायची. साखळीला बारीक लोकर घ्या, रंग वेगळा, म्हणजे कात्री कुठे चालवायची ते दिसतं.

दोन_सुया
आणि आत पुठ्ठा घाला. नाहीतर पुढच्याबरोबर पाठही कापाल. कसं कळलं ते विचारू नका.

सुलट_उलट
कापलं!! आधी नमुन्याचा तुकडा कापून बघितला, मुद्दाम कडेचं टोक ओढलं, दीड टाका आला आणि अडकला. मग धीर आला. धुतल्यावर चुण्या जवळजवळ गेल्या, फक्त काखेपाशी एक राहिलीये, तिथे कोण बघतंय. भरतकामाची छोटी कात्री घेतली, खिडकीपाशी बसले, एकेक आडवा धागा कट्ट कट्ट, वीस मिनिटं. आई फोनवर होती, पूर्ण वेळ तोंडाला पदर लावून. झाल्यावर म्हणाली कड दाखव, मग म्हणाली गुंड्या लाकडी लाव.
आता पट्टीचे टाके उचलतेय, चार ओळींना तीन असे, पण खाली कड फुगतेय. तुम्ही किती उचलता?

लोकरीचा_किडा
फुगतेय म्हणजे टाके जास्त, आक्रसली तर कमी. इंचभर विणून टेबलावर पसरून बघ, अंगात घालून नको. पट्टीला सुई एक नंबर बारीक घेतलीयेस ना?