आरशासारखी धार की खरखरीत? कालच्या पोस्टला उत्तर

खानावळवाला: काल इथं लिहिलंय की सुरी 8000 च्या दगडावर (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक) आरशासारखी चमकवली नाही तर ती धारच नव्हे. डोकं सणकलं वाचून. लक्ष्मी मार्केटजवळ खानावळ आहे माझी, रोज टोमॅटो चिरतो, आरसा धार पहिल्या दिवशी लोण्यासारखी चालते आणि तिसऱ्या दिवशी सालीवरनं घसरते. 1000 वर थांबलं की काठाला बारीक दाते राहतात, तेच सालीत शिरतात. मटणाचे पडदे ओढून कापायलाही तेच लागतात.

चामडीपट्टा: पोस्ट माझीच. तुमची सुरी घसरते कारण घासताना काठावर वळलेली लोखंडाची बारीक तार तशीच राहिलीय, दगडाला दोष देऊ नका. माझी नुसती दाबली तरी कापते, कांदा चेचत नाही म्हणून डोळ्याला पाणीही कमी. वस्तरा दातेरी ठेवून दाढी करता का?

खानावळवाला: गाल आणि टोमॅटो एकच का बे?

विळीवाली: तुमचे नंबर राहू द्या. दारावर आलेल्या धारवाल्यानं आईच्या विळीचं पातं निळं करून दिलं, आता आठ दिवसांत बोथट होतं. पाणीच उतरलं त्याचं, म्हणजे पात्याचा कडकपणा गेला. असल्यांना दारात उभं करू नये.

बाळीवेसकर: मावशी, सगळ्यांना एका मापात मोजू नका. माझ्या मामानं आयुष्यभर सायकलवर चाक फिरवून दोन पोरी शिकवल्या. पायानं फिरणारं चाक, हलकं टेकवायचं, सारखं पाण्यात बुडवायचं, एक पातं निळं पडलं नाही. 300 अंशाच्या आसपास तापल्याशिवाय लोखंड निळं होत नाही, ते मोटरवर कोरडं दाबून धरणाऱ्यांचं काम.

विळीवाली: मामांबद्दल नाही बोलले मी. पण विळी माझ्या आईची होती, ती गेल्यावर तेवढीच उरलीय.

चामडीपट्टा: इथं धारेचा विषय चाललाय ना?

बाळीवेसकर: मग हाच विषय आहे! पात्यात पाणी नसेल तर तुमचे 8000 कशावर टिकणार?

चामडीपट्टा: बरं, मान्य. स्टेनलेसच्या मऊ सुरीवर आरसा टिकत नाही, एवढंच. माझी कार्बन पोलादाची कडक आहे, तिच्यावर टिकतो.

खानावळवाला: हे काल लिहिलं असतं तर मी बोललोच नसतो. तार राहत असेल माझी, बघतो. 1000 नंतर चामड्याच्या पट्ट्यावर चार हात मारीन, जास्त नाही.

विळीवाली: आणि माझ्या पात्याचं?

बाळीवेसकर: निळा भाग झिजून जाईपर्यंत ओल्या दगडावर हातानं घासायचं, मोटर नाही. वेळ लागेल. आणून द्या, मामा करतील.