पायी पणजी : आल्तिनो चढायची कुठून, उतरायची कुठे?

पणजी पाहिली म्हणणारे बहुतेक जण मांडवीच्या काठानेच फिरलेले असतात. शहराच्या पाठीशी उभी असलेली आल्तिनोची टेकडी ज्यांच्या पायाखालची आहे, त्यांनी नेमकं लिहा : वाट, वेळ, कुठे फसतं.

*

चढ इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चकडून, उतार मळा या वस्तीकडे. चर्चच्या पांढऱ्या पायऱ्या बघून मागच्या रस्त्याने वर निघायचं. माथ्यावर आकाशवाणी, बिशप पॅलेस (1986च्या भेटीत पोप जॉन पॉल दुसरे इथेच उतरले होते), जुनी झाडं आणि शांत रुंद रस्ते. पुढे मारुतीचं देऊळ. तिथून पायऱ्यांनी थेट मळ्यात. उलट दिशेने आलात तर सगळा खडा चढ सुरुवातीलाच अंगावर येतो.

*

पायऱ्यांबद्दल जरा सविस्तर. जुन्या पायऱ्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभा दगडाच्या असतात. चिरा सच्छिद्र, पाणी धरून ठेवतो. पाऊस थांबला तरी झाडांच्या सावलीतला दगड ओलाच राहतो आणि त्यावर शेवाळ चढतं. माणूस घसरतो तो उतरताना, तेही पायरीच्या झिजलेल्या कडेवर. पाऊल आडवं, पूर्ण टेकवून ठेवा. खाचा असलेला रबरी तळ हवा, गुळगुळीत चपला नकोत. पावसाळ्यात छत्रीऐवजी रेनकोट घ्या, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात.

*

त्याच चिऱ्यामुळे टेकडीच्या पायथ्याशी झरे आहेत. माथ्यावरचं पाणी चिऱ्यातून झिरपत उतरतं आणि खाली चिकणमातीचा थर लागला की बाहेर पडतं. मळ्यातली फोंत फेनिक्स हा असाच झरा. शेजारच्या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीचं नाव ‘फोंतइन्हास’, म्हणजेच लहान झरे. वस्ती इथे का झाली, हे त्या नावातच आहे. मळ्यात उतरल्यावर आधी झऱ्यापाशी जा, मग फोंतइन्हासच्या गल्ल्यांत. हा क्रम चुकवू नका.

*

फोंतइन्हासमध्ये सेंट सेबॅस्टियनचं कपेल (छोटं प्रार्थनाघर) बघाच. आतला क्रूस मूळचा जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या (चर्चच्या धर्मन्यायालयाच्या) वाड्यातला. येशूची मान ताठ आहे, डोळे उघडे. सहसा मान खाली आणि डोळे मिटलेले असतात, म्हणून जवळ उभं राहून निरखा. दार बंद असेल तर प्रार्थनेच्या वेळी पुन्हा या.

एक कळकळीची विनंती : ही घरं राहती आहेत. लोकांच्या सोप्यावर बसून, दारांना टेकून फोटो काढू नका. रस्त्यावरून भिंतींचे रंग आणि निळ्या-पांढऱ्या फरश्यांवरची नावं हवी तेवढी टिपा.

*

भाड्याची स्कूटर आणू नका. ती चर्चपाशी ठेवून मळ्यात उतरलात की आणायला परत टेकडी ओलांडा, नाहीतर वळसा घाला. कदंबा स्थानकावर उतरून पाटो पुलावरून चालत यावं. फोनवरच्या नकाशावर विसंबू नका. पायऱ्यांच्या वाटा कधी त्यात नसतात, मग तो गाड्यांच्या रस्त्याने फिरवत राहतो.

*

वेळेबाबत दोन मतं असतात. फोंतइन्हास टेकडीच्या पूर्वेला, खाडीकडे तोंड करून आहे. भिंतींवर ऊन हवं असेल तर सकाळी साडेसात. दुपारी चारनंतर टेकडीची सावली पडते, चालायला ती वेळ सुखाची. रमतगमत अडीच-तीन तास, माणशी एक लिटर पाणी. सकाळी निघालात तर आधी पातळ भाजी-पाव खाऊन घ्या, वर माथ्यावर खाण्याची सोय धरून चालू नका. पोदेर (पाववाला) सायकलवरून भोंगा वाजवत सकाळ-संध्याकाळ येतो; उंडे (गोल पाव) गरम असतानाच घ्या.