मसाई मारा, सात दिवस. गोळ्या मात्र सदतीस?

मिरजेची मावशी:
ऑगस्टमध्ये आम्ही दोघं केनियाला निघालोय. नैरोबीत दोन रात्री, मसाई मारात चार, नाकुरूला एक. मुंबईला जाऊन पिवळ्या तापाची लस घेतली, पिवळं कार्ड हातात आलं. टूरवाला म्हणतो, "लस झाली ना मावशी, आता कशाची भीती?" आमच्या डॉक्टरांनी मात्र मलेरिया होऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ लिहून दिलीय. दोन दिवस आधीपासून रोज एक, आणि परत आल्यावर आणखी चार आठवडे! आमच्या ह्यांना आधीच पित्त. शेजारीण म्हणते, होमिओपॅथीच्या गोड गोळ्या घ्या, झालं. इकडं घरी आल्यावर कशाला घ्यायच्या गोळ्या, हे कुणी सांगेल का?

पाना-पकड:
मावशी, नेमकं हेच मीही म्हणालो होतो. २०१६ ला टांझानियात मोरोगोरो भागात एका साखर कारखान्याच्या कामावर होतो, पाच आठवडे. तिथं रोज न चुकता डॉक्सी घेतली. घरी आलो, आईच्या हातची भाकरी-आमटी खाल्ली, आणि तिसऱ्या दिवसापासून गोळ्यांची पट्टी बॅगेतच राहिली. सतराव्या दिवशी अशी थंडी भरली की तीन गोधड्या घेऊनही दात वाजत होते. ताप १०४. डॉक्टरांनी व्हायरल म्हणून औषध दिलं, मग डेंग्यूची तपासणी केली. आफ्रिकेतून आलोय हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं! चौथ्या दिवशी बायको बोलली, तेव्हा रक्ताची काच बघितली. फाल्सिपेरम, म्हणजे मलेरियाचा घातक प्रकार निघाला. प्लेटलेट ३८ हजारांवर, दोन दिवस आयसीयू, आर्टेसुनेटची इंजेक्शनं.

नंतर तिथल्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. डास चावला की जंतू आधी यकृतात जातात, आठवडा-दोन आठवडे तिथं वाढतात, मग रक्तात उतरतात. डॉक्सीचा भरवसा रक्तात उतरलेल्यांवर. यकृतात बसलेल्यांवर ती नीट चालत नाही. म्हणजे शेवटच्या रात्री माऱ्यात डास चावला, तर त्याचा हिशोब मिरजेत होणार. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल नावाची दुसरी गोळी यकृतातच काम करते, म्हणून ती परतल्यावर सातच दिवस. पण आमच्या गावच्या दुकानात मला ती कधी मिळाली नाही.

पित्ताचं म्हणाल तर गोळी पोटभर नाश्त्यानंतर, पेलाभर पाण्याबरोबर, आणि तासभर आडवं व्हायचं नाही. मी सुरुवातीला झोपताना घ्यायचो, छातीत निखारा ठेवल्यासारखी जळजळ. दूध आणि पित्ताचं पातळ औषध त्याच वेळी नको, गोळी अंगी लागत नाही. काका दुसरी काही औषधं घेत असतील तर ती डॉक्टरांना दाखवा. आणि ऊन जपा, माझे हात कोपरापर्यंत भाजल्यासारखे लाल झाले होते.

नैरोबीची सून:
इथं शहरात आम्ही कुणी गोळ्या घेत नाही, हे ऐकून फसू नका हं मावशी. नैरोबी उंचावर, हवा थंड, मलेरिया फार कमी. किसुमूला, व्हिक्टोरिया सरोवराकडं जायचं झालं की आम्हीही घेतो. तिकडच्या लोकांना लहानपणापासून पुन्हापुन्हा होऊन अंगात थोडी ताकद आलेली असते, आपण "भारतात काय डास नाहीत?" म्हणत जातो, ती ताकद आपल्यात नसते.

माऱ्यात रात्री थंडी असते, पूर्ण बाह्यांचे कपडे लागतीलच. मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, तेव्हा मच्छरदाणी नीट खोचून घ्या. आधी सनस्क्रीन, वर डासाचं मलम. निळे-काळे कपडे नकोत, चावरी त्सेत्से माशी त्यावर धावून येते. आणि गोड गोळ्या शेजारणीलाच परत द्या. पिवळ्या तापाच्या लशीचा मलेरियाशी काही संबंध नाही, तुमच्या टूरवाल्याला कुणीतरी सांगा.

मिरजेची मावशी:
सांगितलं. तो म्हणाला, "मी दहा वेळा गेलो, काही झालं नाही."

असो. ह्यांनी नाश्त्यानंतरची वेळ मोबाइलवर लावली, परतल्यानंतरच्या अठ्ठावीस दिवसांसकट. दोघांच्या मिळून चौऱ्याहत्तर गोळ्या मागितल्या तर दुकानदार म्हणाला, काकू, दवाखाना काढताय का?

पाना-पकड, आता बरे आहात ना?

पाना-पकड:
ठणठणीत. डिसेंबरात परत मोरोगोरो. पट्टी या वेळी बायकोच्या ताब्यात आहे.