मोटर, पंप आणि उदंचन

महापालिकेच्या पाटीवर ‘पर्जन्यजल उदंचन केंद्र’ वाचलं. उदंचन म्हणजे पंपिंगच ना? मग गावाकडे जिला मोटर म्हणतात ती काय? आणि दुकानदारानं ‘कुठला पंप देऊ?’ विचारलं तर काय सांगायचं?

— उद् + अंच्, म्हणजे वर काढणं. संस्कृतात पाणी काढायच्या पोहऱ्यालाही उदंचन म्हणत. शब्द छान, पण पाटीवरून खाली उतरलाच नाही. ‘उदंचन चालू कर गं’ असं कोण म्हणेल?

— आमच्यात सगळं मोटरच. खरं तर मोटर नुसती फिरते, पाणी उचलतो पंप. दोन्ही एकाच दांड्यावर असले की मोनोब्लॉक, पाण्यात सोडली की पाणबुडी. या नावांवरून यंत्र कसं जोडलंय, कुठं बसतं ते कळतं, आणि विहिरीला तेवढं पुरतं. वर बसवलेला पंप हवेच्या दाबावर पाणी ओढतो. हिशेबानं 10.3 मीटर, प्रत्यक्षात 6-7 मीटर. पाणी त्याहून खाली गेलं की पंप पाणी उचलत नाही. मग मोनोब्लॉक विहिरीत खाली उतरवा नाहीतर पाणबुडी घ्या.

— आणि पाण्याऐवजी दुसरंच काही उपसायचं असेल तर? मी गोबरगॅसच्या स्लरीला घरचा मोनोब्लॉक लावला होता. दहा मिनिटांत पंपाच्या पंख्यात काड्या गुंतल्या, मोटर नुसती घुमत राहिली आणि वाइंडिंग जळालं. रिवाइंडिंगवाला म्हणाला, “शेणाला पाण्याचा पंप लावलात होय?” नंतर मड पंप आणला; त्यात काड्यांना जायला वाट असते.

— म्हणून पंपाचं नाव आतल्या कामावरून हवं. मोनोब्लॉक, पाणबुडी, मड पंप हे सगळे ‘फेकणारे’: पंखा द्रवाला गरगरवून बाहेर फेकतो. पुस्तकात याला अपकेंद्री म्हणतात. दाट, चिकट द्रवात तो दमतो. कारखान्यातल्या मळीला (मोलॅसिस म्हणतोय, शेतात टाकतात ती प्रेसमडची मळी वेगळी) गिअर पंप बरा. त्यातली दोन दातेरी चाकं दर फेऱ्याला ठरावीक माप पुढं रेटतात. हा ‘रेटणारा’. त्याचा पुढचा व्हॉल्व्ह बंद ठेवून बटण दाबू नका. दाब चढत जातो आणि पाइप फुटतो. म्हणून त्याला जास्तीचा दाब सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह लागतोच.

— मग हापसा?

— रेटणाराच की! दट्ट्या आहे ना. शिवाय इंडिया मार्क 2 या हापशाचा दट्ट्या खाली पाण्यातच असतो, म्हणून 6-7 मीटरची अट त्याला नाही. दुकानदाराला आधी द्रव सांगा, मग खोली. एचपी शेवटी.