अनुभव धागा: घरात ताजी आणि कृत्रिम फुलं कशी सजवता?

गौरी-गणपतीपासून दिवाळीपर्यंत घरात फुलं येतच राहतात. दुसऱ्या दिवशी ती माना टाकतात आणि बोल फुलवाल्याला लागतो. तुम्हाला करून करून जे पक्कं ठाऊक झालंय ते इथे लिहा. फूल कोणतं, पाणी किती, बांधलं कशानं, बिघडतं कशामुळे, असं नेमकं हवं.

दवणा_बिबवेवाडी

खरेदीपासून सांगतो. पुण्यात मार्केट यार्डात झेंडू, शेवंती, सुट्टी गुलछडी किलोवर मिळते. डच गुलाबाची गड्डी २० नगांची, ग्लॅडिओच्या (ग्लॅडिओलसच्या) १० काड्या. झेंडू घेताना फूल उलटं करून हिरवा भाग चिमटीत दाबा. घट्ट लागला तर माल ताजा, मऊ लागला तर आतून कुजायला लागलाय. पाऊस झाला की ओला माल येतो. तो वजनाला जास्त भरतो आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला तर रात्रीत गरम होऊन काळा पडतो. घरी आणल्या आणल्या वर्तमानपत्रावर एका थरात पसरा, वर पंखा लावा. पाणी अजिबात शिंपडू नका. झेंडू सुकाच टिकतो.

तोरणाचा हिशोब असा: साडेतीन फुटी चौकटीला झोळ धरून साधारण १२० सेंटीमीटर दोरा लागतो. मध्यम झेंडू देठाकडून उभा ओवला तर ३ सेंटीमीटर जागा घेतो, म्हणजे ४० फुलं. मध्ये आंब्याची पानं घातली तर कमी. सुई हिरव्या भागातून आरपार गेली पाहिजे. नुसत्या पाकळ्यांत अडकली तर संध्याकाळपर्यंत फूल सुटतं. दोरा दुहेरी घ्या आणि दर आठ-दहा फुलांनी गाठ मारा, म्हणजे एका जागी तुटला तरी सगळं तोरण उंबऱ्यावर सांडणार नाही.

हिरवाचाफा_कोथरूड

फुलदाणीबद्दल लिहिते, कारण सगळ्यात जास्त फुलं तिथेच वाया जातात. काडी कापली की कापलेल्या तोंडातून हवा आत शिरते, शिवाय शिळ्या पाण्यातले जंतू नळ्या बुजवतात. फूल पाण्यात उभं असूनही तहानलेलं राहतं. म्हणून फुलदाणी आधी साबणाने घासायची, नुसती विसळायची नाही. पाण्याखाली येणारी सगळी पानं काढायची. काडी बादलीतल्या पाण्यात बुडवून धारदार सुरीने तिरकी, तळापासून २-३ सेंटीमीटर कापायची. बोथट कात्रीने काडी चेंगरते आणि सगळी मेहनत फुकट जाते. पाणी रोज बदला आणि दोन दिवसांनी पुन्हा थोडी काडी छाटा. नुसती साखर घालायचा सल्ला सगळीकडे मिळतो, तो मानू नका. साखरेवर फुलाआधी जंतू पोसतात. फुलांसोबत मिळणाऱ्या पुडीत साखरेबरोबर जंतुनाशकही असतं, ती चालेल.

गुलाबाने मान टाकली तर लगेच फेकू नका. पुन्हा काडी कापा, ओल्या कागदात मान सरळ राहील असं गुंडाळा आणि खोल कोमट पाण्यात तासभर ठेवा. पुष्कळदा उठतो. जरबेराचं गणित उलटं आहे. त्याची काडी लवदार आणि पोकळ, जास्त पाण्यात ती सडते. चार बोटं पाणी पुरे. मान झुकू नये म्हणून फुलवाले काडीला तार किंवा नळी लावतात, ती घरी काढून टाकू नका. ग्लॅडिओ आडवा ठेवला तर शेंडा वर वळतो आणि मग सरळ होत नाही. लिलियम (लिली) उमललं की आतले केशरी परागकोश चिमटीने काढा. पडद्यावर डाग पडलाच तर ओल्या फडक्याने पुसू नका, चिकटपट्टीने उचला. घरात मांजर असेल तर मात्र लिलियम आणूच नका, मांजरांना ते जीवघेणं विष आहे.

फुलांशेजारी पिकलेली केळी ठेवू नयेत. फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने कार्नेशन मिटतं.

बकुळ_औंध

फुलं खोचायच्या हिरव्या स्पंजबद्दल कोणी लिहिलं नाही. तो पाण्यावर सोडा आणि आपोआप बुडू द्या. हाताने दाबलात तर आत कोरड्या हवेचे कप्पे राहतात आणि नेमकी तिथे खोचलेली फुलं पहिली सुकतात. खोचलेली काडी काढून त्याच भोकात परत घालू नका, खाली पोकळी राहते. माझं मत विचाराल तर स्पंज घेऊच नये. ते शेवटी प्लास्टिकच, कुजत नाही, भुगा होऊन मोरीतून वाहून जातं. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी चुरगळून वाडग्यात बसवली की काड्या छान उभ्या राहतात आणि जाळी वर्षानुवर्षं वापरता येते.

मरवा_सदाशिव

आता कृत्रिम फुलं. बोहरी आळीत घाऊक मिळतात, तुळशीबागेतही आहेत. घेताना काडी वाकवून बघा. आत तार असेल तर वाकवलेली तशीच राहते. नुसत्या प्लास्टिकची परत सरळ होते आणि मांडणी कायम दुकानातल्यासारखी दिसते. घडीच्या सुरकुत्या कापडी पाकळ्यांवरून वाफ फिरवली की जातात. सगळी फुलं एकाच उंचीवर, एकाच दिशेला तोंड करून लावू नका. दोन-चार अर्धी मिटवा, एखादं मागे वळवा. तार कात्रीने कापू नका, पक्कड घ्या.

पश्चिमेच्या बाल्कनीत रंग उडतो, आणि एप्रिल-मेच्या उन्हात ग्लू गनचा गोंद मऊ पडून फुलं गळतात. तिथे बारीक तारेने बांधा. धुळीसाठी कोरडा मऊ ब्रश, किंवा ड्रायरची थंड हवा. धुवायचीच असतील तर आधी ओल्या पांढऱ्या कापसाने पाकळी पुसून रंग सुटतो का बघा. समई-निरांजनाच्या जवळ पॉलिएस्टरचं एकही फूल नको. ते वितळून पेटतं आणि पेटलेले थेंब खाली पडतात.

दोन्ही एकत्र वापरायची तर उंचावरची पार्श्वभूमी, वेली, पानं कृत्रिम घ्या. माणसं जवळ येतात, वास घेतात तिथे गुलछडी आणि मोगरा ताजाच हवा. एकाच फुलदाणीत घालू नका, कृत्रिम काडीतली तार गंजून पाणी तांबूस होतं.

दवणा_बिबवेवाडी

मरवा, एक जोडतो. निर्माल्य कलशात टाकण्याआधी दोरा, तार, जरी आणि कृत्रिम पानं काढा. हाराला नायलॉनऐवजी सुती दोरा वापरलात तर तो खतात फुलांबरोबरच जिरतो.